ताण-संप्रेरकांचा दूरगामी परिणाम
ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरके, मुख्यतः कॉर्टिसॉल, हातातला प्रसंग निभावून नेतात. पण पुढचा ताण आला की शरीर किती उसळेल आणि किती वेळात निवळेल, हेही काही अंशी तीच ठरवतात.

मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक, त्याच्या इशाऱ्याने पोष ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक आणि त्यामुळे अधिवृक्क बाह्यकातून कॉर्टिसॉल, अशी ही साखळी आहे. रक्तातले कॉर्टिसॉल मेंदूत पोहोचून ग्राहींना चिकटते आणि साखळीलाच लगाम घालते. हे ग्राही केवळ हायपोथॅलॅमसमध्येच नसतात. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्येही उंदरांत कॉर्टिसॉलचे काम करणारे कॉर्टिकोस्टेरॉन साठून राहते, असे ब्रूस मॅक्युअन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले. तिथे ग्राही कमी असतील, तर लगाम उशिरा बसतो.

ग्राहींचे हे प्रमाण बालपणात घडते, याचा सर्वांत ठोस पुरावा उंदरांचा आहे. पिल्लांना रोज थोडा वेळ हाताळले, तर मोठेपणी ती ताणाला सौम्य प्रतिसाद देतात, हे सेमूर लेव्हिन यांनी १९५० च्या दशकात दाखवले होते. मग माँट्रियलमधील मायकेल मीनी यांच्या गटाने आयांकडे लक्ष वळवले. पिल्लांना भरपूर चाटणाऱ्या आयांच्या संततीत हिप्पोकॅम्पसमधील ग्राही जास्त आणि ताणानंतरचे कॉर्टिकोस्टेरॉन कमी आढळले (१९९७). २००४ मध्ये कारणही बरेचसे उलगडले. कमी चाटल्या गेलेल्या पिल्लांत ग्राहीच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर जनुकाला दबवणारी मिथिल गटांची खूण जास्त होती. पिल्ले जन्मताच दुसऱ्या प्रकारच्या आईकडे दिली, तर ही खूण वाढवणाऱ्या आईप्रमाणे पडे. म्हणजे हा फरक केवळ रक्ताच्या वारशाचा नव्हता. प्रौढ उंदरांच्या मेंदूत विशिष्ट औषध सोडून ती खूण बरीचशी पुसताही आली.

प्रौढपणीही प्रतिसाद बदलतो, मात्र एकाच दिशेने नाही. तोच ताण रोज आला की प्रतिसाद बोथट होतो. त्याच प्राण्यापुढे नवा ताण आणला की तो नेहमीपेक्षा जास्त उसळू शकतो. नुसते कॉर्टिसॉल मोजून कोणी किती ताण सोसला हे सांगता येत नाही, ते यामुळेच.

माणसांतला पुरावा विरळ आहे. बालपणी छळ सोसलेल्या आणि पुढे आत्महत्या केलेल्या व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याच जनुकावर मिथिल गट जास्त आढळले (२००९), पण तपासलेले मेंदू थोडे होते. आघातोत्तर ताणविकृतीच्या काही रुग्णांत तर कॉर्टिसॉल अपेक्षेपेक्षा कमी आढळते आणि बाहेरून दिलेल्या डेक्सामेथासोन या कृत्रिम संप्रेरकाने ते प्रमाणाबाहेर दबते. त्यांच्यात लगाम सैल नसून उलट जास्तच आवळलेला असावा, असा याचा अर्थ लावतात. मात्र सगळ्याच पाहण्यांत असे दिसलेले नाही.