मतदानाची साधने, बीड जिल्ह्यातील

मतदाराचे मत गुप्त राखून ते बिनचूक नोंदविणारी व मोजणीपर्यंत सुरक्षित ठेवणारी उपकरणे. मतपेटी, मतपत्रिका, बोटाला लावावयाची पक्की शाई आणि अलीकडील मतदानयंत्र यांचा त्यांत समावेश होतो. या साधनांची एका ग्रामीण प्रदेशातील वाटचाल पाहण्यास मांजरसुंबा–केज रस्त्यावरील नेकनूर हे बाजाराचे गाव सोयीचे आहे. ते बीड तालुक्यात असले, तरी २००८ च्या पुनर्रचनेनंतर विधानसभेसाठी केज या राखीव मतदारसंघात मोडते.

नेकनूरचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील प्रजेला सार्वत्रिक प्रौढ मताधिकार ठाऊक नव्हता. तो १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने प्रथमच मिळाला. देशातील सु. १७ कोटी मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर असल्याने प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तीवर त्याचे चिन्ह चिकटविण्याची युक्ती मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दीत योजण्यात आली. मतदाराने काहीही खूण न करता कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच काम असे. या मतपत्रिका नासिक येथील सरकारी मुद्रणालयात छापल्या गेल्या. देशभर लागलेल्या सु. २५ लाख पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक मुंबईजवळ विक्रोळी येथे गोदरेज कंपनीने बनविल्या. बाहेरून कुलूप लावणे खर्चाचे होते, म्हणून पेटी आतूनच बंद होईल अशी कडी तिला बसविण्यात आली. बीडमधून लोकसभेवर निवडून आले ते पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे. सत्तारूढ काँग्रेसबाहेरचा उमेदवार पहिल्याच खेपेस विजयी व्हावा, हे या नव्या व्यवस्थेच्या खरेपणाचे एक गमकच होय.

तथापि या पद्धतीत एक मोठा दोष होता. मतपत्रिका कोरी असल्याने ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणणे व दुसऱ्यास देणे शक्य होते. शिवाय उमेदवार वाढले की पेट्याही वाढत. म्हणून १९६२ पासून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून तीवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली. तिने पेट्यांची संख्या घटली. पण दोन चिन्हांच्या मध्येच उमटलेला शिक्का कोणाचा, हा वाद मोजणीच्या टेबलावर येऊन बसला. केंद्र बळकावून शिक्क्यांवर शिक्के मारण्याचे प्रकारही काही राज्यांत घडू लागले.

यंत्राची कल्पना निवडणूक आयोगाने १९७७ मध्ये पुढे आणली. हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ मध्ये नमुना तयार केला आणि १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर तो वापरला गेला. कायद्यात यंत्राचा उल्लेख नसल्याच्या कारणावरून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे फेरमतदानाचा आदेश दिला. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यातील दुरुस्ती अंमलात येऊन ती उणीव दूर झाली. यंत्राची बाह्य रचना मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिकल्प केंद्रात ए. जी. राव व रवी पूवय्या यांनी केली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत हीच यंत्रे होती.

यंत्राने अवैध मतांचा प्रश्न जवळजवळ संपविला व दोन मतांत ठरावीक अंतर ठेवून केंद्र बळकावणाऱ्यांचा वेगही रोखला. परंतु कागद हाताने मोजता येतो, तसा यंत्राच्या आतील हिशेब मतदारास दिसत नाही. जर्मनीच्या घटना-न्यायालयाने २००९ मध्ये याच मुद्द्यावर तेथील यंत्रमतदान घटनाबाह्य ठरविले. भारतात २०१० मध्ये काही संशोधकांनी मुंबईतून मिळविलेल्या एका यंत्रात फेरफार करून दाखविला. आयोगाने तो आक्षेप मान्य केला नाही. तरी मत कोणास गेले याची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दाखविणारे उपकरण २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे प्रथम जोडले गेले. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १३ मे रोजी, बीडमध्ये मतदान झाले. उमेदवार ४१ होते. एका मतदान-फलकावर सोळाच बटणे असल्याने प्रत्येक केंद्रावर तीन फलक जोडावे लागले. पहिल्या निवडणुकीत पेट्यांची रांग लागे, तशीच ही फलकांची रांग म्हणावयाची. बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० व पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७ मते मिळाली. अंतर अवघे ६,५५३. सोनवणे यांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे होते. एका अपक्षाला मिळालेल्या ट्रंपेटच्या चिन्हाचे मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असेच होते आणि त्यास पन्नास हजारांहून अधिक मते पडली. त्यांतील किती चुकून पडली हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते दाबलेले बटण तेवढे नोंदविते. सुदैवाने निकाल त्यामुळे फिरला नाही, अन्यथा एका भाषांतरित शब्दावरून मोठा वाद उभा राहिला असता.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी यंत्रावरील आकड्यांविषयी शंका घेऊन ३ डिसेंबर रोजी स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घेण्याचे ठरविले होते. जमावबंदी व पोलीस बंदोबस्त यांमुळे त्यांनी तो बेत सोडून दिला.