काचेच्या छपराखालचा धंदा

१८७९ सालच्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबई बंदरात उतरले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या या संस्थापकांची पहिली सोय झाली ती गिरगावात, गिरगाव बॅक रोडवरच्या, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल रस्त्यावरच्या एका घरात. यजमान होते हरिश्चंद्र चिंतामण. मुंबईच्या आर्य समाजाचे ते अध्यक्ष होते, आणि व्यवसायाने फोटोग्राफर. घराला लागूनच त्यांचा काचेच्या छपराचा स्टुडिओ होता.

पाहुणचाराची गोडी फार दिवस टिकली नाही. यजमानांनी पाहुण्यांच्या हाती एक बिल ठेवले. त्यात घरभाडे, जेवणखाण, नोकरचाकर आणि डागडुजी तर होतीच, शिवाय स्वागतसमारंभासाठी आणलेल्या तीनशे खुर्च्यांचे भाडे आणि 'लवकर या' म्हणून यजमानांनीच केलेल्या तारेचा खर्चही होता. ऑल्कॉटने पुढे आपल्या आठवणींत हा सारा हिशेब लिहून ठेवला. पाठोपाठ आर्य समाजासाठी आलेल्या पैशांचा वादही उभा राहिला. परिणाम असा, की मुंबईतल्या अगदी आरंभीच्या एका भारतीय धंदेवाईक फोटोग्राफरचे नाव अनेकांना ठाऊक आहे ते त्याच्या चित्रांमुळे नव्हे, त्याच्या बिलामुळे.

हे त्या माणसाच्या स्वभावावर सोडून देता येईल. पण बिल उरावे आणि चित्रामागचा हात विसरला जावा, हे या धंद्यात एकट्या हरिश्चंद्रांच्या वाट्याला आलेले नाही. ते असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईत फोटोग्राफी लवकर आली. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र त्याच वर्गात शिकले. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना फोटोग्राफी हा छंद होता. हरिश्चंद्रांनी तिच्यावर पोट भरायचे ठरवले.

काम किचकट होते. काचेवर कोलोडिअन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. मुंबईच्या उन्हाळ्यात काच वाळायला वेळ लागत नसे. विजेचे दिवे नव्हते, म्हणून छप्पर काचेचे. गिऱ्हाइकाला श्वास रोखून बसवायचे, ते हलले की काच वाया, आणि तिचे पैसे फोटोवाल्याच्या खिशातून.

या कष्टाचे नाव मात्र तेव्हा गिऱ्हाइकाबरोबर घरोघर जात असे. कारण फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत, आणि पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव छापलेले असे. हीच फोटोवाल्याची जाहिरात होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाव चित्रावर नव्हते, पुठ्ठ्यावर होते. शतकाअखेरीस हाफटोन ठशांची छपाई रूढ झाली. फोटोवरून धातूचा ठसा तयार होई आणि मासिकात, जाहिरातीत, सूचीपत्रात चित्राच्या हजारो प्रती निघत. चित्र छापखान्यात गेले, पुठ्ठा बाहेर राहिला. नाव पुसायचे कुणी ठरवले नव्हते. ते वाटेत गळून पडले.

त्या काळात फोटोवाल्याला एकाच कामावर भागत नसे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत स्टुडिओ चालवत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि त्या खेळांनी भारावून त्यांनी एकवीस गिनी मोजून इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे यांचे मुंबईतले स्वागत त्यांनी टिपले. भारतीय माणसाने केलेले हे पहिले चित्रपट एका धंदेवाईक फोटोग्राफरच्या हातचे आहेत.

दादासाहेब फाळक्यांची वाटही हीच. त्यांनी गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात काम केले, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी छपाईची कामे केली आणि मग स्वतःचा ठसे आणि छपाईचा कारखाना काढला. भागीदारांशी मतभेद झाल्यावर तो सोडून ते बाहेर पडले. वाटाण्याचे रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म त्यांनी केली, आणि ती पाहून त्यांना भांडवल दिले ते यशवंतराव नाडकर्णी या फोटोग्राफीच्या सामानाच्या व्यापाऱ्याने. 'राजा हरिश्चंद्र'चे चित्रण दादरला झाले, आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. मुंबईच्या सिनेमाचा पाया असा फोटोवाले, ठसेवाले आणि सामान विकणारे यांच्या गल्ल्यातून घातला गेला.

पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, भारतात ब्रिटिश धर्तीचा कॉपीराइट कायदा लागू झाला. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, असे त्यात ठरले. वेगळा करार असेल तरच अपवाद. स्वातंत्र्यानंतरच्या १९५७ च्या कायद्याने, कलम १७ मध्ये, ही तरतूद कायम ठेवली. पण त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, असे तो सांगतो. आणि कलम ५७ म्हणते, की हक्क विकून टाकला तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार उरतोच. म्हणजे कायद्याने मालकी गिऱ्हाइकाला दिली, नाव दिलेले नाही. नाव सोडले ते धंद्याच्या रिवाजाने.

या रिवाजाचा खरा काळ स्वातंत्र्यानंतरचा. मित्तर बेदी लाहोरात जन्मलेले, मुंबईत स्थिरावलेले. लग्ने, समारंभ आणि सिनेमाच्या प्रसिद्धीची कामे करता करता १९५९ च्या सुमारास ते कारखान्यांकडे वळले. तेलशुद्धीकरण, पोलाद, रसायने, हॉटेले अशा नाना धंद्यांसाठी त्यांनी फोटो काढले. ते वार्षिक अहवालांत, कॅलेंडरांवर आणि जाहिरातींत छापले गेले. नव्या देशाचे औद्योगिक रूप लोकांनी या फोटोंतून पाहिले, बहुतेकांनी काढणाऱ्याचे नाव न जाणता. १९८५ साली बेदी वारले. आता तीच चित्रे कलादालनांत लागतात, आणि खाली नाव असते.

बेदींना हे मिळाले, कारण निगेटिव्ह जपल्या गेल्या होत्या. दामोदर कामत यांनी १९४५ मध्ये सुरू केलेले 'कामत फोटो फ्लॅश' किंवा कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांचा दादरचा 'इंडिया फोटो स्टुडिओ' यांचेही तसेच. गिऱ्हाईक होते निर्माते आणि नटनट्या, काम होते सिनेमाच्या प्रसिद्धीचे, पण निगेटिव्ह घरात राहिल्या म्हणून नाव राहिले.

लालबाग-परळकडे वळले की चित्र बदलते. गिरण्यांनी यंत्रांचे, इमारतींचे, कापडाच्या नमुन्यांचे फोटो काढून घेतले. कामगार त्यांत असलाच तर यंत्र केवढे आहे हे कळावे म्हणून. तोच कामगार सुटीच्या दिवशी जवळच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे, स्टुडिओतलाच कोट चढवून उभा राही, आणि तो फोटो कोकणात किंवा घाटावर घरी जाई. एका फोटोची मालक गिरणी, दुसऱ्याचा मालक कामगार. काढणारा दोन्हीकडे बिनानावाचा. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उसवत गेले, आणि त्या फोटोंची कपाटे सांभाळणाऱ्या कचेऱ्याही उठल्या. काचेच्या निगेटिव्ह धुऊन काच म्हणून आणि फिल्मच्या निगेटिव्ह चांदीसाठी विकण्याची या धंद्यातली चाल तर जुनीच.

कायद्यातला मालकच नाहीसा झाला, तर चित्राचा वाली कोण? याचे उत्तर कायद्यात नाही, घरातल्या माळ्यावर आहे. कुणाच्या आजोबांचा गिरगावात, दादरला किंवा परळला स्टुडिओ असेल, तर त्यांचे खोके रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहावेत. बिलांची वहीही टाकू नये. कोणत्या तारखेला, कोणत्या गिऱ्हाइकासाठी, काय काढले, हे तिच्यातच सापडेल. हरिश्चंद्र चिंतामणांचे बिल दुसऱ्याच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले. बाकीच्यांची बिले निदान त्यांच्या चित्रांजवळ ठेवता आली, तरी पुष्कळ नावे परत मिळतील.