आधी जीभ, मग पतंग

उर्दू-फारसी कवितेने पतंगाला एकच काम दिलं, शमेवर येऊन जळायचं. आमच्या मराठीतही तो दिव्यावर झेप घेतच येतो. शेकडो वर्षं आम्ही कवींनी त्याला जाळलं. पण तो कुठल्या जातीचा, खातो काय, दिवा नसेल तेव्हा रात्रभर काय करतो, हे विचारलं नाही. ते विचारणारी माणसं वेगळी होती. त्यांच्यातल्या एकाने एक अंदाज बांधला आणि त्याचा निकाल लागायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. त्याची ही हकिकत.

पतंगांच्या आजवर सुमारे १ लाख ६० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. फुलपाखरांच्या जेमतेम १८ हजार. वंशवृक्ष पाहिला तर फुलपाखरं ही पतंगांच्याच झाडाची, दिवसा उडू लागलेली एक फांदी आहे. या पसाऱ्यात हॉकमॉथ नावाचं सुमारे १४५० जातींचं एक कूळ आहे. शेपटीवर शिंग असलेली, बोटाएवढी जाड हिरवी अळी आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी तिळाच्या पिकावर पाहिलेली असते. ती याच कुळातली. तिचा पतंग मोहोळात शिरून मध चोरतो, म्हणून त्याची सोंड आखूड आणि टणक. त्याचे बरेच भाऊबंद मात्र फुलासमोर हवेत तरंगत मकरंद पितात. त्यांची सोंड लांब असते आणि एरवी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आपल्या बुचाच्या झाडाची लांब नळीची, पांढरी, रात्री दरवळणारी फुलं अशाच पाहुण्यांसाठी असतात.

आता १८६२ सालच्या इंग्लंडमध्ये जाऊ. त्या वर्षीच्या जानेवारीत चार्ल्स डार्विनकडे एक पेटी आली. जेम्स बेटमन या ऑर्किडप्रेमी गृहस्थाने पाठवलेली. तिच्यात मादागास्कर बेटावरच्या एका ऑर्किडची फुलं होती, पांढरी, चांदणीसारखी. प्रत्येक फुलामागे चाबकासारखी हिरवी नळी लोंबत होती. डार्विनने मोजली, तर साडेअकरा इंच! आणि मकरंद फक्त तळाच्या दीड इंचात.

एवढ्या खोल विहिरीतलं पाणी पिणार कोण? डार्विनने नुसतं नवल केलं नाही, प्रयोग केला. नळीत सुईसारख्या बारीक वस्तू घालून पाहिल्या, तर परागांचे पुंजके जागचे हलेनात. मग थोडी जाड दांडी फुलाच्या खाचेतून आत दाबली आणि ओढून घेतली, तेव्हा ते पुंजके तिला चिकटून बाहेर आले. म्हणजे पतंगाने शेवटच्या थेंबासाठी सोंड मुळापर्यंत आत खुपसली, तरच फुलाचं काम होणार. त्याच वर्षी ऑर्किडवरच्या आपल्या पुस्तकात त्याने लिहून टाकलं, की मादागास्करमध्ये दहा ते अकरा इंच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे.

असा पतंग कुणी पाहिलेला नव्हता. काही कीटकशास्त्रज्ञांनी त्याची थट्टा केली. १८६७ मध्ये ड्यूक ऑफ अर्गाइल या मातब्बर राजकारण्याने आपल्या पुस्तकात हेच फूल पुढे केलं. अशी गुंतागुंतीची रचना आपोआप होणं शक्य नाही, ती निर्मात्याचीच योजना, असं त्याचं म्हणणं.

उत्तर दिलं आल्फ्रेड रसेल वॉलेसने, त्याच वर्षी. लांब सोंडेच्या पतंगाला मकरंद जास्त मिळतो, तो तगतो. लांब नळीच्या फुलात पतंगाला सोंड मुळापर्यंत घालावी लागते, तिथे पराग चिकटतात, त्या फुलाचा वंश वाढतो. पिढ्यानपिढ्या दोघंही एकमेकांना लांबवत नेतात. वॉलेस एवढ्यावर थांबला नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन त्याने पतंगांच्या सोंडा मोजल्या. आफ्रिकेतल्या ‘मॉर्गनाय’ नावाच्या हॉकमॉथची सोंड साडेसात इंच भरली. दोन-तीन इंच आणखी लांब सोंडेचा असा पतंग मादागास्करात शोधा, खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून ज्या खात्रीने शोधला त्याच खात्रीने शोधा, असं त्याने लिहिलं. नेपच्यून १८४६ मध्ये आधी गणितात आणि मग दुर्बिणीत दिसला होता.

डार्विन १८८२ मध्ये वारला. पतंगाचा पत्ता नव्हता. १९०३ मध्ये वॉल्टर रॉथ्सचाइल्ड आणि कार्ल जॉर्डन या दोघांनी जगभरच्या हॉकमॉथची नव्याने वर्गवारी करणारा मोठा ग्रंथ काढला. त्यात मादागास्करचा तो लांब सोंडेचा पतंग होता. त्यांनी त्याला नाव दिलं ‘प्रेडिक्टा’, म्हणजे आधीच सांगितलेला. वॉलेस तेव्हा हयात होता, ऐंशी वर्षांचा.

पण या नावात एक मेख होती. तो पतंग त्यांनी वेगळी जात म्हणून नोंदवला नव्हता. आफ्रिकेतल्या मॉर्गनायची एक उपजात, एवढंच त्याचं स्थान. शिवाय, पतंग सापडला म्हणून तो त्याच फुलावर जातो हे कुठे सिद्ध झालं? ते पाहायला १९९२ साल उजाडलं. अंदाजानंतर १३० वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल याला तो पतंग त्या फुलावर दिसला. गंमत म्हणजे वासरथालने वॉलेसच्या कारणमीमांसेवरच शंका घेतली. फुलावर दबा धरून बसलेल्या कोळ्यांपासून दूर राहता यावं म्हणून पतंगाची सोंड आधी लांबली असेल आणि फुलं मागाहून तिच्याशी जुळत गेली असतील, असं त्याचं मत. अंदाज खरा ठरला, तरी कारणाचा वाद चालूच राहिला. शास्त्राची ही सवय मला आवडते.

आणि २०२१ मध्ये लंडन-पॅरिसच्या संशोधकांनी जनुकीय तुलना आणि अवयवांची मापं पुढे ठेवून प्रेडिक्टाला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. त्यांनी मोजलेली सर्वांत लांब सोंड २८.५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअकरा इंचांच्या जवळ. कुठल्याही कीटकाची आजवर मोजलेली ही सर्वांत लांब जीभ.

वर्गीकरण म्हणजे टाचणीला खोचलेला मेलेला किडा आणि खाली चिठ्ठी, असं पुष्कळांना वाटतं. पण चिठ्ठीवर काय लिहायचं यामागे मोजमाप असतं, तुलना असते आणि आपलं म्हणणं खोटं ठरवायची संधी दुसऱ्याला देण्याचा मोठेपणा असतो. ज्योतिषी सांगतो तेही भाकीतच, पण ते चुकलं तर तो ग्रहांवर ढकलतो. डार्विनने इंचांत आकडा लिहून स्वतःला बांधून घेतलं.

त्याच पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. हे पतंग मादागास्करातून नाहीसे झाले, तर ते ऑर्किडही नाहीसं होईल. १९५३ ते २०१४ या काळात त्या बेटावरचं ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेलं. पहिला अंदाज खरा ठरला याचा आनंद आहे. हा दुसरा मात्र पडताळून पाहायची वेळ येऊ नये.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)