“तुम्ही कोणाच्या?” : वसईच्या परक्या वधू आणि रुग्णालयाचा दरवाजा

१/ जोडीदाराच्या मागोमाग परक्या देशात गेलेल्या माणसाला पहिला ताप भरतो, तेव्हा आजाराआधी एक प्रश्न छळतो : इथल्या सरकारी दवाखान्यात आपल्याला घेतील का? व्हिसा आणि विम्याच्या काळातला वाटणारा हा प्रश्न वसईच्या किनाऱ्यावर साडेचार शतकांपूर्वीच विचारला जात होता. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच आली. पुढे वसई हे पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे झाले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ते जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, तसेच राहिले.

३/ या वसाहतीत दोन प्रकारचे मिश्र संसार उभे राहिले. पहिला प्रकार आल्बुकर्कच्या धोरणातून आला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर त्याने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्न करून इथेच घर करण्यास उत्तेजन दिले. अशा संसारी पुरुषांना ‘कझादो’, म्हणजे विवाहित, म्हणत. गावाच्या वेशीत राहूनही त्यांच्या बायका एका परक्या राज्याच्या कायद्याखाली आल्या.

४/ दुसरा प्रकार उलट दिशेचा. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालच्या राजाने लिस्बनमधील अनाथ कुलीन मुलींना लग्नासाठी हिंदुस्थानात पाठवण्यास सुरुवात केली. त्यांना ‘राजाच्या अनाथ कन्या’ म्हणत. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला सरकारी पद किंवा गावाचे उत्पन्न हुंड्यादाखल मिळे. उत्तर प्रांतातील गावेही अशा हुंड्यात गेली. वसई परिसरातील जमिनीचा इतिहास या मुलींना वगळून लिहिता येत नाही.

५/ या मुली येत कशा? लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेले जहाज आफ्रिकेला वळसा घालून साधारण सहा महिन्यांनी गोव्याला लागे. वाटेत स्कर्व्ही, ताप आणि खराब पाणी. वर पाहिलेला नवरा तर बहुधा नसेच. म्हणजे वधू नव्या देशात उतरे ती अनेकदा आजारी, आणि ओळखीचे माणूस एकही नाही अशा स्थितीत.

६/ आता रुग्णालयाकडे वळू. आल्बुकर्कच्या काळातच गोव्यात शाही रुग्णालय सुरू झाले. १५९१ पासून त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे होता. १६०८ मध्ये फ्रेंच खलाशी फ्रान्स्वा पिरार्द तिथे दाखल झाला. मालदीवजवळ जहाज फुटून वर्षानुवर्षे अडकून पडलेला हा माणूस त्या रुग्णालयातील स्वच्छ चादरी, उत्तम भांडी आणि शुश्रूषा पाहून थक्क झाला. जगात याच्या तोडीचे रुग्णालय क्वचितच असेल, असा त्याच्या वर्णनाचा सूर आहे.

७/ पण ते कोणासाठी होते? मुख्यतः राजाच्या सेवेतील शिपायांसाठी आणि जहाजांवरून उतरलेल्या युरोपीय पुरुषांसाठी. घरसंसार थाटलेले लोक आणि स्थानिक ख्रिस्ती यांची सोय वेगळी. म्हणून पिरार्दसारखा संशयित परदेशी आत जाऊ शकला (बरा होताच त्याची रवानगी तुरुंगात झाली, हा भाग निराळा). ज्या शिपायासाठी दरवाजा उघडा होता, त्याच्या बायकोसाठी मात्र तो नव्हता.

८/ हे क्रौर्य म्हणून केले गेले, असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी रुग्णालय म्हणजे लष्करी खर्चाची एक बाब. माणसे समुद्रापार आणणे महाग, म्हणून ती जगवणे फायद्याचे. उपचार हा सेवेचा मोबदला होता. जी सेवेत नाही तिचा हिशेब वेगळ्या वहीत.

९/ ती वेगळी वही म्हणजे ‘मिझेरिकॉर्दिया’. १४९८ मध्ये राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये स्थापन झालेले हे दयाकार्याचे बंधुमंडळ पोर्तुगीज जेथे गेले तेथे गेले. गोव्यात आले, वसईतही आले. आजाऱ्यांची शुश्रूषा, विधवांना मदत, अनाथ मुलींच्या लग्नाचा खर्च, कैद्यांना अन्न आणि बेवारस मृतांचे दफन ही त्याची कामे. परक्या मुलुखात विधवा झालेल्या स्त्रीला त्या काळी उरणारा संघटित आधार बहुधा हाच.

१०/ मात्र दया आणि हक्क यांत अंतर असते. मंडळाचे सभासद प्रतिष्ठित पोर्तुगीज पुरुष. मदत मागणारीचे कूळ, धर्म आणि चारित्र्य पाहून ते निर्णय घेत. शाही रुग्णालय विचारी, “तुमचा नवरा नव्हे, तुम्ही सेवेत आहात का?” मिझेरिकॉर्दिया विचारी, “तुम्ही कोणाच्या मुलगी, कोणाच्या विधवा?” ‘तुम्हाला काय होते आहे?’ हा प्रश्न दोन्हीकडे नंतर येई.

११/ तिसरी वाट मात्र दाराशीच होती : इथले वैद्य. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्त्यांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असे ठरवले. व्यवहार मात्र वेगळा राहिला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन लिहितो की व्हाइसरॉय आणि आर्चबिशप यांचाही भरवसा हिंदू वैद्यांवर अधिक होता. शेवटी १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने अशा वैद्यांची संख्या ३० वर मर्यादित केली. बंदीपासून परवान्यापर्यंतचा हा प्रवास पुरेसा बोलका आहे.

१२/ या देवघेवीचा एक पुरावा भाषेत शिल्लक आहे. पटकीसारख्या आजाराला आपण ‘मोडशी’ म्हणतो. नवागत पोर्तुगिजांनी हाच शब्द उचलला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात तो नोंदवला. पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्याचे रूप इतके बदलले की त्यातून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ निघू लागला. आजार इथला, म्हणून त्याचे नावही इथूनच शिकावे लागले.

१३/ हा ओर्ता वसईच्या इतिहासाला परका नाही. १५३४ मध्येच तो हिंदुस्थानात आला आणि पुढे वसईच्या अमलाखालील मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याच्या ग्रंथात औषधी वनस्पती आणून दाखवणारी आंतोनिया नावाची दासी भेटते. पोर्तुगीज घरांत औषधाचे ज्ञान कोणत्या दाराने आत येई, हे तिच्यावरून कळते. लिस्बनहून आलेल्या नववधूची पहिली शुश्रूषा अशाच हातांनी झाली असणार.

१४/ साथ आली की मात्र हे सारे आधार अपुरे पडत. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेली करेरी वसईत आला, तेव्हा प्लेगमुळे शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग ओस पडल्याचे त्याने नोंदवले आहे.

१५/ खाडीपलीकडे मुंबईत याच काळी दुसरी आवृत्ती चालू होती. १६६१ च्या तहाने मुंबई हीच राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्लंडला गेली आणि १६६८ मध्ये कंपनीकडे आली. शिपायांनी इथेच संसार करावेत म्हणून कंपनीने इंग्लंडहून स्त्रिया आणवल्या. लग्न होईपर्यंत त्यांच्या जेवणाचा खर्च कंपनीचा, पण एक वर्षापुरता. म्हणजे इथेही मुदत होतीच.

१६/ १६७० च्या दशकात जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कंपनीने मुंबईतले आपले पहिले रुग्णालय उघडले. निमित्त पुन्हा तेच : पटापट मरणारे शिपाई. नवागताने इथे दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ, अशी तेव्हाची समजूत होती. युरोपीय मातांची इथे जन्मलेली मुले तर फार थोडी जगत.

१७/ एकोणिसाव्या शतकात निकष बदलला, प्रश्न बदलला नाही. मुंबईत गोऱ्यांसाठी युरोपियन जनरल हॉस्पिटल (आजच्या सेंट जॉर्जचे पूर्वरूप) आणि १८४५ पासून ‘नेटिवां’साठी जे. जे. रुग्णालय. सेवेची जागा वंशाने घेतली. मिश्र संसारातील माणसाने कोणत्या दाराशी जायचे, हे त्याच्या रक्तावरून ठरणार होते.

१८/ खरा बदल १८८० च्या दशकात दिसतो. सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी निधी उभारला, पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी देणगी दिली आणि १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. प्रमुख डॉक्टर एडिथ पीची, स्वतः परदेशातून आलेल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईतील हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. इथे स्त्री कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून आत येऊ लागली.

१९/ आता आजची वसई. २००९ पासून वसई-विरार महापालिका, २०१४ पासून पालघर जिल्हा. इथल्या घरांत आजही परदेशी सुना आणि जावई येतात. भारतीयाशी लग्न केल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. नोंदणीच्या अर्जासाठी सात वर्षांचा निवास लागतो. ओसीआय कार्डासाठी विवाह किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. ‘आधार’साठी आदल्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचे वास्तव्य, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

२०/ मात्र या सगळ्याखाली एक वेगळा पाया आहे. घटनेचे कलम २१ ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. तातडीचे उपचार नाकारणे हा या कलमाचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सरकारी रुग्णालयांबाबत सांगितले. आणि २००० मध्ये हे कलम परदेशी व्यक्तीलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. योजनांचे लाभ कार्डांवर अवलंबून असू शकतात. अपघात वा अडलेले बाळंतपण मात्र कार्डाची वाट पाहत नाही, आणि कायद्यालाही ते मान्य आहे.

२१/ म्हणून वसईचा किल्ला पाहताना बुरूज आणि चर्चच्या कमानींबरोबर या मुलींनाही आठवावे. त्यांच्या नावावर गावे होती, पण तापात कोणाचे दार वाजवायचे हे त्यांच्या हाती नव्हते. लढायांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. आजारपणाच्या कथा घरातच राहतात आणि दोन पिढ्यांत विरतात. आपल्या घरी परदेशातून आलेली सून, जावई, आजी असेल, तर त्यांच्या इथल्या पहिल्या आजारपणाची गोष्ट विचारून लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला ती दप्तरात सापडणार नाही.