कलापथकांचा वारसा

वस्तीतल्या मुलांचं नाटक बघायला आलेले पाहुणे मला नेहमी म्हणतात, "बाई, किती नवीन कल्पना!" मी निवृत्त शिक्षिका, ठाण्यातल्या एका वस्तीत संध्याकाळी मुलांच्या तालमी घेते. पाहुण्यांना मी आवर्जून सांगते, की ही वाट फार जुनी आहे. आपल्याकडे गरिबांच्या पोरांनी आपला रंगमंच आधी स्वतःच उभा केला. शिबिरं आणि प्रमाणपत्रं मागाहून आली.

त्याआधी सत्यशोधक चळवळीच्या जलशांनी गावोगाव रान तापवलं होतंच. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. साचा तमाशाचाच, पण शृंगाराच्या जागी पाणवठा आला, देवळाचं बंद दार आलं, शाळेत जाणारं पोर आलं. ज्यांना गावात मान वर करून बोलता येत नव्हतं, ते तरुण रात्री फडात उभे राहून सगळ्या गावाला प्रश्न विचारू लागले.

मुंबईत १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक सुरू झालं. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस, असं सांगतात. मुंबईत गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहिले. त्याच माणसाने पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं लिहिली आणि पुढे 'फकिरा' कादंबरी दिली. शाळेने ज्याला दीड दिवसात गमावलं, त्याला घडवण्यात कामगार चळवळीचा आणि कलापथकाचा वाटा मोठा. सरकारला या डफाची धास्ती वाटली आणि लाल बावटा कलापथकावर बंदी आली, यावरूनच त्या शब्दांची ताकद कळते.

राष्ट्र सेवा दलाचं कलापथक हा दुसरा मोठा प्रवाह. वसंत बापटांसारखे कवी त्यासाठी लिहीत; पु. ल. देशपांड्यांचं 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्यही त्याच रंगमंचासाठी आलं. पण मला जास्त मोलाचे वाटतात ते तिथे घडलेले कष्टकऱ्यांचे मुलगे. निळू फुले पुण्यात माळीकाम करत. राम नगरकर केशकर्तनाचा व्यवसाय करत. दादा कोंडके मुंबईच्या गिरणगावातले. यांना कोणी नाट्यशाळेत घातलं नव्हतं. दिवसा काम, रात्री तालीम, हीच त्यांची शाळा. निळूभाऊंनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य स्वतः लिहिलं, हे मी माझ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगते.

२०१४ मध्ये रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तेव्हा ही परंपरा लोकवस्त्यांतल्या मुलामुलींपर्यंत नव्याने पोचली. बालनाट्याची चळवळ ज्यांनी साठच्या दशकापासून जोपासली, त्या मतकरींनी पंचाहत्तरी उलटल्यावर या मुलांना तयार संहिता दिली नाही. विषय तुमचे, संवाद तुमचे, असं त्यांनी सांगितलं. २०२० साली ते गेले. त्यांच्या कामातलं मुलांना स्वतःचं बोलू देणं मला सर्वांत मोठं वाटतं.

माझ्या तालमीतही हाच अनुभव येतो. बाहेरून आणलेलं नाटक दिलं की मुली पाठ केलेलं म्हणतात, नजर माझ्याकडे. "नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं, ते करून दाखवा," म्हटलं की हंडे लागतात, भांडण पेटतं, पाण्यापायी शाळा बुडालेली मुलगी आपणहून बोलू लागते. त्या वेळी माझ्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून शिबिरं घेणाऱ्या सगळ्या संस्थांना, शिक्षकांना आणि देणगीदारांना माझी विनंती आहे. स्नेहसंमेलनात छान नाचणाऱ्या मुलांचे फोटो काढून थांबू नका. संहिता लिहायला त्यांना बसवा, दिग्दर्शन त्यांना करू द्या आणि त्यांचं म्हणणं तुम्हाला टोचलं तरी ते कापू नका. कर्डक, अण्णा भाऊ, निळूभाऊ स्वतः बोलले म्हणून घडले. आजच्या मुलांनाही तेवढाच हक्क आहे.