येसूर आणि आपला इतिहास

इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी आणि दप्तरे पुढे केली जातात. परंतु ज्यांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली नाही, त्यांचा इतिहास दप्तरात सापडणार कसा? तो त्यांच्या श्रमाच्या वस्तूंतच वाचावा लागतो. मराठवाड्यातल्या घरांत भरून ठेवला जाणारा येसूर ही अशीच एक वस्तू आहे.

येसूर हा रश्श्याचा मसाला. तो एकट्या दलितांचा नाही. मराठवाड्यातील अनेक बहुजन जातींत तो होतो आणि लग्नाच्या पंगतीत येसराची आमटीही वाढली जाते. ज्वारी, बाजरी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, लाल मिरची, खोबरे, दगडफूल आणि जमेल तशी लवंग, मिरी, दालचिनी असे त्याचे जिन्नस. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण धान्याला लागणारी आच जिऱ्याला जाळून टाकते. मग सारे एकत्र कांडायचे, चाळायचे आणि कोरड्या भांड्यात दडपून ठेवायचे. प्रमाण घराघराचे वेगळे. ते कुठे लिहिलेले नाही. आईच्या हातून लेकीच्या हाती आणि सासूच्या हातून सुनेच्या हाती ते आले.

या मसाल्यात धान्य, डाळ आणि धने यांचे माप मोठे, लवंग-दालचिनीचे चिमटीचे. असे का? भाजलेले धान्य उकळत्या पाण्यात फुगते आणि रस्सा दाट करते. तेल थोडे असले तरी रश्श्याला अंग येते. एक कोंबडी आणि खाणारी दहा तोंडे, हा हिशेब या मापात आहे. गावरान कोंबडीचे मांस चिवट. ते बराच वेळ शिजवावे लागते आणि त्याची चव पाण्यात उतरते. त्या पाण्याला येसूर लावला की भाकरी कुस्करून सारे घर जेवते. मांस कुणाच्या वाट्याला येवो न येवो, रस्सा सर्वांना पुरतो.

आता महार-मांगांच्या घरातला येसूर पाहा. त्यातली ज्वारी पुष्कळदा बलुत्याची, म्हणजे वर्षभर गावकी राबून खळ्यावर हात पसरून मिळवलेली. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आपल्याकडे आली आणि गरिबाच्या कोरड्या भाकरीचा आधार झाली. बाजारातून विकत आणावी लागे ती लवंग. म्हणून ती मोजून. डब्यातले एकेक माप त्या घराची आर्थिक स्थिती सांगते. कुठल्या दप्तरापेक्षा हा पुरावा कमी आहे?

छापील जगाने मात्र या पुराव्याकडे फार उशिरा पाहिले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही पुस्तके शिकलेल्या पांढरपेशा घरांतून आली. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. ‘सूपशास्त्रा’पासून मोजली तर मध्ये १४० वर्षे गेली. पाटोळ्यांनी पूर्णब्रह्माला लावलेला एक ‘अ’ या सगळ्या मौनाला उत्तर देतो.

हे मौन केवळ लेखणीचे नव्हते, बाजाराचेही होते. ज्याच्या स्पर्शाने अन्न बाटते असे ठरवले, त्याने कांडलेला मसाला विकत कोण घेणार? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा तिथला चहा स्वतः छत्रपती शाहू महाराजांनी घेतला. एका कप चहासाठी छत्रपतींना उभे राहावे लागले, यावरून स्पर्शाची भिंत किती जाड होती ते कळते. अस्पृश्यता १९५० साली संविधानाने रद्द केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली बंदी गुन्हा ठरवली. पण कायद्याने जिभेचा विटाळ एका दिवसात जात नाही.

आपल्यालाही एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आणि शिळे तुकडे न मागण्याचे आवाहन केले. तो माणूसपणाचा प्रश्न होता आणि समाजाने तो प्राणपणाने सोडवला. मात्र लाचारी टाकताना काही घरांनी त्या चुलीवरचे कौशल्यही लाजेने झाकून ठेवले. लाचारी लादलेली होती. कौशल्य आपल्या आयाबायांनी कमावलेले होते. मूठभर धान्यात दहा माणसांचे जेवण उभे करणारी बुद्धी ही काही गुलामीची खूण नव्हे.

आज ब्रॉयलर कोंबडी झटपट शिजते आणि ‘गावरान’, ‘पारंपरिक’ अशी नावे छापलेली मसाल्याची पाकिटे दुकानोदुकानी मिळतात. परंपरा विकली जाते. ती कुणी घडवली हे पाकिटावर येत नाही. उद्या कुणी येसुराचा इतिहास लिहील, तेव्हा त्यात महारवाड्यातले उखळ आणि मांगवाड्यातला पाटा-वरवंटा असणार की नाही?

ते आपल्यावर आहे. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतल्या वृद्ध स्त्रियांपाशी बसावे. जिन्नस, माप, भाजण्याचा क्रम, धान्य कुठून येई, कोंबडी कधी कापली जाई, रस्सा किती जणांत वाटला जाई, हे सारे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे. ही माणसे गेली की हे दप्तरही जाईल, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.