तबकडीची तालीम

गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी आणि कानातून गळ्यात, असा आपल्या गाण्याचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या चालला. गुरूने एखादी चीज दिली नाही, तर ती मिळण्याचा दुसरा मार्ग नसे. या मक्तेदारीला पहिले खिंडार पाडले ते छापखान्याने. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वरलिपीची पुस्तके छापली. भातखंड्यांनी जमवलेल्या चिजा क्रमिक पुस्तकांतून सर्वांपुढे ठेवल्या. पण कागदावर मींड कशी उतरावी? ते काम तबकडीने केले.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मुद्रित केला. गाणे संपताच बाई इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळायला हवे ना! मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यापुढे तोंड धरून गावे लागे, आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. तासभर रंगणारा ख्याल त्यात कोंबताना आलापी आक्रसली, ताना धावू लागल्या. शिकणाऱ्याला मात्र हे एका परीने सोयीचेच झाले. रागातले मोक्याचे तेवढे गवयालाच निवडावे लागे, आणि सुई मागे घेऊन तीच जागा वीसदा ऐकता येई. तबकडी कधी चिडत नसे. पण ‘तुझा निषाद उतरला’ असेही ती कधी सांगत नसे.

हे सारे आठवते ते आमच्या मोहोपाड्यामुळे. पाताळगंगेच्या खोऱ्यातले हे गाव रसायनीच्या कारखान्यांबरोबर वाढले. इथल्या पोरांना आज मोबाईलवर तानपुरा, ठेका आणि मोठमोठे गवई बोटासरशी मिळतात. यात नाक मुरडण्यासारखे मला काही दिसत नाही. मिरजेचा तानपुरा किती घरांना परवडतो? दूरचा गुरूही आता पडद्यावर भेटतो. पण दोघांनी मिळून सूर लावू म्हटले, की एकाचा आवाज दुसऱ्याकडे अंमळ उशिरा पोहोचतो, आणि तिथे गाडे अडते.

यंत्राने लावलेली ओढ केवढी असू शकते हे पाहायचे तर गदगला जावे. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी छोट्या भीमसेनाने तबकडीवर ऐकली, आणि अकराव्या वर्षी, १९३३ साली, पोर घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. तबकडी गावातच होती. तिच्यावर भागले असते तर त्याने उत्तरेत एवढी वणवण कशाला केली असती? अखेर १९३६ च्या सुमारास तो कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी राहिला. सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीतल्या आवाजाचे घर त्याला सापडले, ते असे फेरा घालून.

कुमार गंधर्वांची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. बेळगावकडचा हा मुलगा नामांकित गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाई, आणि बैठकी थक्क होत. तबकडीने शिकवायचे ते सारे त्याच्या गळ्यात उतरले होते, असेच म्हणावे लागेल. तरीही त्याला मुंबईस बा. र. देवधरांच्या हाती सोपवण्यात आले. देवधर पलुसकरांचे शिष्य. पण एका घराण्याच्या कुंपणात बसणारे नव्हेत, निरनिराळ्या गवयांची ऊठबस त्यांच्याकडे असे. तीन मिनिटे संपल्यावर राग पुढे कुठे न्यायचा, हे तबकडीत नव्हते. ते या मुलाला देवधरांपुढे बसून, गाता गाता शिकावे लागले.